आजोबा बोलत नाहीत, तर त्यांना त्यांची कामाची पाळी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा 1944 चे, साखर कारखान्यात 1966 ते 2004 नोकरी, त्यातली बरीच वर्षं पॅनमन, म्हणजे पॅनमध्ये सिरप शिजवून साखरेचा दाणा धरणारे. गावात वाचनालय चालवलं, रक्तदानाची शिबिरं घेतली, ऊसतोड मजुरांच्या पोरांना शिकवलं, कुणाकडे मयत झाली की पहिला माणूस हाच. आता सहस्रचंद्रदर्शन करायचंय आणि नातवंडांना त्या निमित्ताने साठ-सत्तर पानांची पुस्तिका काढायचीये. पण आजोबा म्हणतात "काय सांगायचं त्यात, गेलो, काम केलं, आलो". मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं तर सहा मिनिटांत संपलं. आता काय करायचं?

आधी माझं सांगतो म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी एका सहकारी साखर कारखान्यात 26 वर्षं वेल्फेअर ऑफिसर होतो. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम 49 होतं, 500 किंवा जास्त कामगार असले की हे पद ठेवावंच लागायचं, म्हणून आमची भाकरी. रिटायर झाल्यावर जुन्या कामगारांचं आयुष्य लिहून काढायचा नाद लागला, आजवर चाळीसेक झाली असतील, बहुतेक घरगुती पुस्तिकाच. त्यामुळे सहा मिनिटं ऐकून मला काही वाटलं नाही, माझं पहिलं रेकॉर्डिंग चार मिनिटांचं होतं आणि त्यातही दीड मिनिट चहा आला ते आहे.

चूक आजोबांची नाही, प्रश्नाची आहे. तुम्ही बहुतेक असं विचारलं असणार, "आजोबा, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग कोणता", "समाजसेवेची प्रेरणा कुठून मिळाली" वगैरे. हे प्रश्न चेअरमनला विचारायचे असतात, त्याला भाषणाची सवय असते. कामगाराला त्याचं आयुष्य प्रसंगांमध्ये आठवतच नाही, ते पाळ्यांमध्ये आठवतं. म्हणून पहिला प्रश्न हा ठेवा: "चारच्या पाळीला जायचं म्हणजे उठायचात किती वाजता?" आणि गप्प बसा.

साखर कारखान्यात सीझनला पाळ्या सहसा पहाटे 4 ते 12, दुपारी 12 ते 8 आणि रात्री 8 ते 4 अशा असतात, आणि त्या फिरत्या. चारच्या पाळीला जाणारा माणूस तीनला उठणार, मग पाणी कोण तापवायचं, डबा कोण करायचं, सायकल होती की चालत, वाटेत कुत्री कुठे लागायची, सोबत कोण असायचं, भोंगा पहिला कितीला आणि दुसरा कितीला, हे सगळं त्या एका प्रश्नाला लटकलेलं असतं. मला एका फिटरने या एका प्रश्नावर पाऊण तास दिला होता आणि त्यात त्याच्या लग्नाची गोष्ट पण आली, कारण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याची चारचीच पाळी होती.

दुसरी गोष्ट, जरा नाजूक आहे. आजोबांना ऐकू नीट येतं का ते बघा. पॅनवरचा माणूस मिल हाउसमधल्याइतका (जिथे ऊस पिळतात) आवाजात नसतो, पण सुरुवातीची वर्षं तो कुठे होता कुणास ठाऊक, आणि मिल हाउस, टर्बाइन, बॉयलर इथला आवाज म्हणजे शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं असा. आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा कागदावर आहे, पण त्या काळी कानात घालायला कापसाचा बोळा मिळाला तरी खूप. अशी माणसं म्हातारपणी "काय सांगायचं" म्हणतात तेव्हा कित्येकदा त्यांना प्रश्नच ऐकू आलेला नसतो आणि परत विचारायची लाज वाटते. चांगल्या कानाच्या बाजूला बसा, पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला. चार नातवंडं कोंडाळं करून बसली की आजोबा मान हलवून "हो हो" म्हणणार.

आता त्यांच्या कामाकडे. पॅनमन होते म्हणताय आणि पुढे त्याबद्दल एक ओळ पण नाही, हे मला खटकलं. साखर कारखान्यातला सगळ्यात कसबी माणूस तो, केमिस्ट लोक पण मनातून त्याला टरकून असायचे. रस गाळून, चुन्याने आणि सल्फरने साफ करून, आटवून त्याचा सिरप झाला की तो पॅनमध्ये घेतात आणि तिथे साखरेचा दाणा धरायचा असतो. पॅन बंद असतो, आत व्हॅक्यूम, दिसतं फक्त एका गोल काचेतून. मग हा माणूस प्रूफ स्टिकने नमुना ओढणार, काचेच्या पट्टीवर थापणार, बल्बसमोर धरून तिरका बघणार, दाणा एकसारखा आहे का, मध्येच बारीक चुकार दाणा आलाय का, मग अंगठा आणि बोटात घेऊन तार ओढून बघणार. दाणे फार दाट झाले तर साखर बारीक येते, चुकार दाणा आला तर पाणी मारून तो विरघळवायचा, त्यात वाफ आणि वेळ दोन्ही जातं. हे सगळं डोळ्याने आणि बोटाने, वर्षानुवर्षं. म्हणजे "गेलो, काम केलं" मधलं "काम" हे आहे.

एक युक्ती सांगतो. घरातली साखर चमचाभर काळ्या किंवा स्टीलच्या ताटलीत पसरा आणि आजोबांपुढे ठेवा, विचारा हा दाणा कसला. बाजारात साखर एल-30, एम-30, एस-30 अशा नावांनी जाते, एल म्हणजे मोठा दाणा, एस म्हणजे बारीक. ते ताटली उचलून उजेडाकडे नेतील, बोटाने पसरतील आणि पहिलं वाक्य बहुतेक शिवीचं असेल, कुठल्या कारखान्याची आणली म्हणून. तिथून पुढे रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि फोटो चेहऱ्याचा नाही, हातांचा काढा.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लांबण लावलं. अशा पुस्तिकांमध्ये नोकरीचं एक प्रकरण असतं, समाजकार्याचं वेगळं, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही असं लिहिलेलं असतं. माझ्या अनुभवात ते साफ चूक. कारखान्यातल्या माणसाचं गावातलं काम पाळीने ठरतं आणि कसबाने ठरतं. शेतकऱ्याला दिवस मोकळा नसतो, मास्तरला सकाळ नसते, दुकानदाराला संध्याकाळ नसते, पाळीवाल्या कामगाराला मात्र दर आठवड्याला दिवसाचा एक वेगळाच तुकडा मोकळा मिळतो. सरकारी दवाखान्यात सकाळी लवकर कुणाला न्यायचं असेल तर गावात मोकळा कोण? बाराच्या पाळीवाला. मध्यरात्री मयत झाली, पहाटे लाकडं आणायला जागं कोण? रात्रपाळी सुटून येणारा. लोक त्याला देवमाणूस म्हणतात, तो असेलही, पण तो त्या वेळेला जागा होता हे आधी लिहा.

मी एका सेंट्रिफ्युगलवाल्याचं (साखरेचा दाणा मळीपासून वेगळा करणाऱ्या यंत्रावरचा माणूस) लिहिलं होतं, तो सीझनला ऊसतोडणीवाल्यांच्या पोरांना शिकवायचा. बीड, नगरकडून टोळ्या यायच्या, मुकादमाची उचल घेतलेली असायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, कारखान्याच्या तळावर कोप्या (पाचटाच्या झोपड्या), पहाटे आईबाप फडात आणि पोरं कोपीपाशी धाकट्याला सांभाळत. साखरशाळा वगैरे नंतर झाल्या, त्याच्या आधीची गोष्ट ही. तर मी विचारलं शाळा किती वाजता भरायची, म्हणाला "वेळ नव्हती". म्हणजे काय? एका आठवड्याला दुपारी दोनला, कारण पहाटेची पाळी बाराला सुटायची. पुढच्या आठवड्याला सकाळी नऊला, कारण बाराला कामावर जायचं. आणि रात्रपाळीच्या आठवड्याला संध्याकाळी पाच ते सात, झोप काढून. पोरांकडे घड्याळ नाही, पण त्यांना माहीत असायचं आज गुरुजींची कुठली पाळी, एक मुलगी तर भोंगा ऐकून पाट्या पुसायला घ्यायची. त्याच्या घरच्यांनी पुस्तिकेत आधी लिहिलं होतं "त्यांनी गोरगरीब मुलांमध्ये ज्ञानाचा प्रकाश पसरवला". मी ते काढून त्या पाळ्यांचं कोष्टक टाकलं. घरचे थोडे नाराज झाले पण गुरुजी खूष होते.

तुमच्या आजोबांनी पण तोडणीवाल्यांची पोरं शिकवली म्हणताय, तर हेच विचारा. कुठल्या पाळीला कसं जमवलं, पाट्या कुठून आणल्या, मार्च-एप्रिलला पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि टोळ्या परत गेल्या की त्या पोरांचं काय व्हायचं, पुढच्या वर्षी त्यातली किती परत दिसायची.

सीझन आणि ऑफ सीझन हे दुसरं घड्याळ. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू, मार्च-एप्रिलला बंद, मग ओव्हरहॉलिंग. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 ला झाला, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जनाच्या रात्री. गाळप सुरू व्हायचं होतं म्हणून आमच्याकडून दोन जीपा भरून माणसं निघू शकली, डिसेंबर असता तर चार माणसं पण सोडता आली नसती. त्यातल्या एका वेल्डरने गॅस कटर नेला होता, लोखंड कापायला लागेल म्हणून. तिथे दगडमातीच्या जाड भिंतींची घरं कोसळलेली, कापायला लोखंड कुठे? दोन दिवस पहार आणि घमेलं. तो म्हणायचा "साहेब, हत्यार चुकीचं नेलं". तीस वर्षांनी पण त्याला तेच लागून राहिलं होतं, किती माणसं काढली ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तारखांचं कसं करायचं ते सांगतो, कारण 80 च्या पुढच्या माणसाला "कोणत्या साली" विचारलं की तो अडकतो आणि मग रागावतो. साल विचारू नका, खुंट्या द्या. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी. म्हणजे ऐन सीझन आणि चारची पाळी नुकती आत गेलेली! पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या कारखाना कामगाराला विचारा तेव्हा कुठे होतात, तो जागा सांगतो, शेजारी कोण उभं होतं ते सांगतो. 1972 चा दुष्काळ ही दुसरी खुंटी, वाटपाची सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं, उसाअभावी लवकर बंद झालेला सीझन. तसंच पल्स पोलिओचं पहिलं बूथ, देशभर ते डिसेंबर 1995 ला सुरू झालं, गावात समाजकार्य करणारा कुठलाही माणूस तिथे थंडीत टेबल टाकून बसलेला असणारच. पणजी गेल्या ते दुष्काळाच्या आधी की नंतर, वाचनालय पोलिओच्या आधी की नंतर, असं विचारत गेलात की साल आपोआप मिळतं.

आणि कागद काढा. ट्रंकेत, कपाटाच्या वर, देवघराच्या खणात असतील. टोकन नंबरचा बिल्ला, पगाराच्या स्लिपा, पीएफच्या स्लिपा, पेन्शनचा कागद (ती 1995 च्या स्कीमची असणार, नोव्हेंबर 95 पासूनची), ग्रॅच्युइटीचा हिशोब. ग्रॅच्युइटीचा कागद तर सोनं आहे. 1972 च्या कायद्याने नेहमीच्या कामगाराला वर्षाला 15 दिवसांचा पगार धरायचे, पण सीझनल कामगाराला सीझनमागे 7 दिवसांचाच. त्यामुळे त्या हिशोबात वर्षं दोन भागात दाखवलेली असतील तर आजोबा किती वर्षं सीझनल होते आणि परमनंट कधी झाले ते तिथे दिसतं. हे का महत्त्वाचं, तर सीझनल माणसाचे ऑफ सीझनचे पाच-सहा महिने कसे निघाले ही आख्खी वेगळी गोष्ट आहे, ती घरात कुणी सांगत नाही कारण त्यात उधारी असते.

कागद आणि आठवण जुळत नसेल तर लगेच आजोबांना खोटं पाडू नका हं. एका गड्याच्या सर्व्हिस बुकात नेमणूक 1968 ची आणि तो शपथेवर सांगतोय की कोयनेच्या भूकंपाला मी कामावर होतो. दोन्ही खरं होतं, आदल्या सीझनला तो रोजंदारीवर होता, मस्टरवर नाव नव्हतं.

पगाराच्या स्लिपेवर जून आणि डिसेंबरला एक किरकोळ कपात दिसेल, ती कामगार कल्याण निधीची. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ 1953 च्या कायद्यातून आलं, त्यांची कल्याण केंद्रं, नाट्यस्पर्धा, आणि नोकरी सांभाळून समाजकार्य करणाऱ्यांना गुणवंत कामगार पुरस्कार. आजोबांनी नाटकात काम केलं होतं का, पुरस्कारासाठी अर्ज केला होता का ते विचारा. अर्ज केला असेल तर त्याला कात्रणं आणि दाखले जोडलेले असतात, तुमचं निम्मं काम झालं. नसेल केला तर का नाही केला हे पण विचारा, चांगलं उत्तर मिळतं.

आता जरा कटू. आकडे तपासा. समाजकार्याच्या पुस्तिकांत आकडे फुगतात, माणूस स्वतः फुगवत नाही, सत्काराला बोलणारे फुगवतात. "200 वेळा रक्तदान" असं मी छापील वाचलंय. रक्तदान 18 ते 65 वयात, पुरुषाला दोन दानांमध्ये तीन महिने अंतर, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त चार. 47 वर्षं गुणिले चार, 188. एकही पाळी न चुकवता! आजोबांनी 40 वेळा दिलं असेल तर 40 लिहा, कार्डं असतील तर 40 च्या ऐवजी 37 निघाले तर 37 लिहा. त्यापेक्षा हे विचारा की ते कधी आणि कसं द्यायचे. पूर्वी पैसे घेऊन रक्त देणारे असायचे, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून ते बंद झालं. त्याआधी गरिबाच्या बाईचं बाळंतपण अडलं की कारखान्याच्या गेटवर चिठ्ठी यायची, अमुक ग्रुपचं कोण आहे. टाइम ऑफिसमध्ये ग्रुपवार नावं लिहिलेली वही असायची आमच्याकडे. आजोबांच्या कारखान्यात तशी वही कुणाकडे होती, पॅन कुणावर सोडून जायचे, कारण पॅन चालू असताना पॅनमन हलू शकत नाही, मग बदली कोण? तो बदली माणूस हयात असेल तर त्याला भेटा.

म्हणजे हेच, समाजकार्याचा भाग आजोबांच्या तोंडून काढायच्या मागे लागू नका. ते स्वतः सांगणार नाहीत आणि सांगितलं तर ते आजोबा राहणार नाहीत. त्यांच्याकडून काम घ्या, समाजकार्य दुसऱ्यांकडून घ्या. पाळीचे सोबती, वाचनालयात पेपर वाचायला येणारे, ज्यांच्या घरी मयतीला गेले ते. फक्त त्यांना "आजोबांबद्दल दोन शब्द सांगा" म्हणू नका, दोन शब्दच मिळतील आणि ते मनमिळाऊ आणि परोपकारी असतील. विचारा की ते घरी आले तेव्हा पहिलं काय केलं. एका बाईने मला सांगितलं होतं, नवरा गेला त्या दिवशी एवढी माणसं आली पण चूल विझलीये आणि दोन पोरं उपाशी आहेत हे एकट्याने बघितलं, बिस्किटाचा पुडा आणला आणि पोरांना मागच्या दारी घेऊन बसला.

आणि आजी. आजी असतील तर त्यांचं वेगळं बसून घ्या, आजोबा समोर नसताना, शक्यतो स्वयंपाकघरात हात चालू असताना. गडी गावासाठी रक्त देतो, पगारातले पैसे देतो, अवेळी माणसं घरी आणतो, तेव्हा घर कुणीतरी दुसरं चालवत असतं. पगार दोन-तीन महिने थकला तेव्हा (सहकारी कारखान्यात हे व्हायचंच) दुकानदाराला तोंड कोण द्यायचं? यात माझी स्वतःची एक चूक आहे, सुरुवातीच्या सात-आठ पुस्तिकांत मी बायकांना विचारलंच नाही, एका वाक्यात "सुविद्य पत्नीची मोलाची साथ" लिहून मोकळा. त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत.

काही गोष्टी रेकॉर्ड करा पण छापू नका. संचालक मंडळाची निवडणूक, कोण कुठल्या पॅनलचा, कुणाच्या पोराला चिकटवलं, युनियन कशी फुटली. आजोबा रंगात आले की हे सगळं नावानिशी निघेल, आणि ती माणसं किंवा त्यांची पोरं त्याच गावात आहेत. अपघाताचं पण तसंच, कुणाचा हात गेला ते त्या घराला विचारल्याशिवाय छापू नये. रेकॉर्डिंग दोन ठिकाणी जपून ठेवा म्हणजे झालं.

सहस्रचंद्रदर्शनाच्या तारखेवरून घरात वाद आहे म्हणालात. 1000 पौर्णिमा गुणिले साडेएकोणतीस दिवस आणि थोडं वर, साधारण 29,530 दिवस, म्हणजे 80 वर्षं 10 महिने. काही घरांत अधिक मास वेगळे धरून तारीख अलीकडे घेतात, गुरुजी सांगतील तसं करा. पण एप्रिल-मे बरा, पुस्तिकेला वेळ मिळेल आणि पाळीचे सोबती ज्यांची पोरं अजून कारखान्यात आहेत ती पण सुटीत येऊ शकतील.

बसायचं एका वेळी चाळीस मिनिटं, सकाळी, नाश्त्यानंतर. जास्त ताणू नका. आठ-दहा बैठका लागतील. आणि मजकूर झाला की प्रेसला द्यायच्या आधी त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यात एक चूक मुद्दाम ठेवा. मी नेहमी ठेवतो. पॅनमनसाठी हे वाक्य ठेवा, "आजोबा रस 100 डिग्रीला उकळून साखर करत." तुम्ही ते वाक्य संपवायच्या आत ते म्हणतील, शंभर? करपून जाईल सगळं, व्हॅक्यूम कशाला असतो मग, साठ-सत्तरला शिजतं ते! रेकॉर्डर तेव्हा चालू असू दे.